विभूती लागलेले रॉड

गंगाक्का, माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या आधी तुमचं नाव तोंडात येतं आणि मागून ओशाळल्यासारखं होतं. आईला हे ठाऊक आहे. परवा तीच म्हणाली, "जलम म्या दिला, पर तोंड त्या बाईनं दिलं." तोंड म्हणजे बोलणं. ते खरं आहे, म्हणून तुम्ही नसतानाही तुमच्याशीच बोलत बसलोय.

बेळगावहून तुम्हाला आणून उचगावच्या रुद्रभूमीत माती दिली, त्याला अजून पंधरवडाही झालेला नाही. बाकीचे आपापल्या कामाला लागलेत. शेडमधली मशीन चालू आहेत, काल गाडी भरून माल पुण्याला गेला. मलाच काही सुधरत नाही. ग्राइंडरपाशी जातो, तिथून दारात, दारातून परत आत. दारात ताडपत्रीखाली तो नवा प्रेस अजून खोक्यातच उभा आहे. शेडमधले जुने कारागीर दस्तगीरमामा रोज सकाळी विचारतात, कुठं बसवायचा. मी म्हणतो, उद्या सांगतो. त्यांना वाटतं, दुःखानं माझं डोकं चालेना झालंय. तसं नाही. मी तुम्हाला एक गोष्ट विचारली होती आणि तिचं उत्तर यायचं राहिलंय, एवढंच आहे.

पहिल्यांदा तुमच्या शेडच्या दारात आलो तेव्हाही मी असाच आत-बाहेर करत होतो. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. वडील साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या करायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शाळा शिरोळच्या मराठी शाळेत झालेली. कॉलेजात सगळं इंग्रजीत, ते मी पाठ करून पुढं ढकलत आणलेलं. प्रकल्पासाठी इंजिनचा कनेक्टिंग रॉड हा विषय मिळाला होता आणि रॉड प्रत्यक्ष कसा बनतो हे बघायला एकही कारखानदार आत घेईना. शेवटी कुणीतरी सांगितलं, उचगावच्या रस्त्याला एका बाईचं शेड आहे, तिथं रॉडचंच काम चालतं, नवऱ्यामागं तीच बघते.

तुम्ही खिडकीखालच्या दगडी कट्ट्यावर मेथी निवडत बसला होता. वर मान न करता विचारलंत, कुठला. शिरोळ म्हटल्यावर हात थांबला, कारण तुमचं माहेर तिकडचं. मग नाव विचारलंत.

"रावसाहेब," मी म्हणालो.

"नाव रावसाहेब, आन उभारलायस चोरागत. आत ये. काय शिकतोस ते मला सांग."

मी पुस्तकातलं सांगायला लागलो. अर्धं इंग्रजी, अर्धं त्या इंग्रजीचं मोडकं मराठी. तुम्ही मेथी निवडत राहिलात. माझं झाल्यावर म्हणालात, "मला काय कळलं न्हाय. म्हंजे तुलाबी कळलेलं न्हाय. उद्या ये, नीट सांग."

मी चिडून गेलो होतो, अक्का. एवढं पाठ केलेलं, आणि मेथी निवडणाऱ्या बाईला कळलं नाही म्हणून मला कळलेलं नाही? पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. या वेळी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हटलं, इंजिनमधला दट्ट्या खालीवर नाचतो, पण आपल्याला हवंय गोल फिरणं. मधे जो दांडा हे खालीवर गोल करून देतो तो कनेक्टिंग रॉड. त्याच्या वरच्या टोकाला लहान डोळा, खालच्या टोकाला मोठा. मोठा डोळा फिरत्या शाफ्टच्या मानेला धरतो. पण ही मान दोन्ही बाजूंनी जाड, त्यामुळं डोळा वरून सरकवून बसवता येत नाही. म्हणून तो मधोमध दुभंगून करावा लागतो. अर्धा दांड्याला, अर्धा सुटा; त्या सुट्या अर्ध्याला कॅप म्हणायचं. दोन्ही मानेभोवती मिटवून बोल्टनं आवळायचे.

"पाटल्यांगत," तुम्ही म्हणालात. "फिरकीच्या पाटल्या मनगटावर उघडून मिटवतो तसं."

मला एवढा सोपा दाखला चार वर्षांत कुणी दिला नव्हता. तो मी तोंडी परीक्षेत सांगितला. परीक्षक हसले, पण मान डोलावली.

पुढं पदवी हातात आली आणि तुम्ही मला कामावरच ठेवून घेतलंत. तुमचा नियम तोवर मला कळला होता. शेडमध्ये काही नवीन आणायचं असेल, मग ते हत्यार असो, तेल असो की गिऱ्हाइकाच्या पत्रातली एखादी अट असो, ते आधी कट्ट्यावर येऊन तुम्हाला मराठीत समजावून द्यायचं. तुम्हाला कळलं तर सांगणाऱ्याला कळलं. पुण्याच्या कंपनीची इंग्रजी पत्रं मी तुम्हाला वाचून दाखवायचो आणि मग त्याचा अर्थ सगळ्या कामगारांसमोर सांगायचो. सुरुवातीला घाम फुटायचा. नंतर नंतर मी पत्र वाचता वाचताच मनात ते तुमच्या भाषेत मांडायला लागलो. माझं शिक्षण असं दोनदा झालं, एकदा कॉलेजात आणि एकदा त्या कट्ट्यावर. पहिलं विसरलो. दुसरं अजून कामाला येतं.

त्या काळी आपण रॉड जुन्या पद्धतीनं करायचो. मोठा डोळा करवतीनं कापायचा, कापलेली दोन्ही तोंडं ग्राइंडरवर आरशासारखी सपाट करायची, बोल्टची भोकं पाडायची, कॅप हलू नये म्हणून बारीक खुंट्या बसवायच्या, मग आवळून डोळा गोल करायचा. त्या ग्राइंडरवर तुमचा जीव होता. अण्णांनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, शेडसाठी घेतलेलं ते पहिलं मशीन. घासून आलेल्या तोंडावर तुम्ही बोट फिरवायचा आणि काही न बोलता पुढं द्यायचा. तुम्ही बोलला नाहीत म्हणजे माल चांगला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पुण्याहून ते पत्र आलं. कंपनी नवीन इंजिन काढणार होती. त्याचा रॉड कापायचा नव्हता, मोडायचा होता. डोळ्याच्या आत दोन बाजूंना बारीक खाचा पाडायच्या आणि आतून एकदम जोर देऊन डोळा तडकवायचा. मोडलेली तोंडं घासायची नाहीत. तशीच एकमेकांवर ठेवून बोल्ट आवळायचे. ज्यांना हे जमेल त्यांना काम, न जमेल त्यांचं जुनं कामही हळूहळू बंद होणार होतं. शेडमधल्या सगळ्यांच्या चुली त्या पत्रावर आल्या होत्या.

मी कट्ट्यापाशी उभा राहून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "फुटकी बांगडी परत हातात घालायची म्हणतोस?"

तुमचे हात मोकळे होते, अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तुम्ही ते मुद्दाम म्हणालात की सहज, हे मला आजही ठरवता येत नाही. मी खाली बघत राहिलो. तुम्हीच मग म्हणालात, "बोल की. गप का झालास?"

चहाच्या कपाटात गुळाची ढेप होती, तिचा एक खडा घेतला. सुरीनं कापून दाखवला. म्हटलं, हे सपाट तोंड, ह्याच्यावर दुसरा कुठलाही सपाट तुकडा बसेल, पण सरकेल. म्हणून खुंट्या लागतात. मग दुसरा खडा हातानं मोडला आणि परत मिटवला. भेग दिसेनाशी झाली. म्हटलं, ह्या खाचाखोचांत फक्त ह्याचाच जोडीदार बसणार, आणि बसला की तसूभर सरकणार नाही. खुंटी नको, घासणं नको.

तुम्ही ते दोन्ही तुकडे माझ्या हातातून घेतलेत, मिटवून बघितलेत, डोळ्यांजवळ नेलेत. मग एका तुकड्याची कड दातानं तोडून खाल्लीत आणि दोन्ही परत माझ्या हातावर ठेवलेत.

"आता जोड बघू."

सगळे हसले. मीही हसलो आणि तुकडे मिटवून बघितले. त्या खड्यात चघळल्याएवढी पोकळी राहिली होती. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "मला कळलंय. पटलेलं न्हाय. कर."

कळणं वेगळं आणि पटणं वेगळं, आणि पटलं नसलं तरी कळलेल्या गोष्टीला वाट द्यायची, हे मी तेव्हा शिकलो. मात्र तुमचा तो गुळाचा सवाल आपल्यात तसाच राहिला.

परदेशी मशीन आपल्याला झेपणारं नव्हतं. दस्तगीरमामांनी आणि मी शेजारच्या शेडवाल्याच्या मदतीनं प्रेस घरीच उभा केला. डोळ्यात बसणारा दोन फाकांचा खुंट, मधे पाचर, पाचरीवर तेलाच्या दाबाचा धक्का. पहिला रॉड आपल्या नेहमीच्या पोलादाचा लावला. तो मोडलाच नाही. डोळा लांबट झाला, कडेला ताणला गेला आणि तसाच लोंबत राहिला. दस्तगीरमामा म्हणाले, "ही तर काकवी झाली की, अक्कासाब." आठवडाभर मला शेडमध्ये काकवी म्हणत होते. तुम्हीसुद्धा. चूक पोलादाची होती. मोडण्यासाठी कडक, न ताणणारं पोलाद लागतं. ते कंपनीनं पाठवलं आणि मग पहिला रॉड खरा मोडला.

तो आवाज तुम्ही कट्ट्यावरून ऐकलात. उठून आलात. "हाड मोडल्यागत वाजलं रे," म्हणालात आणि कॅप हातात घेऊन मोडलेल्या तोंडावर सवयीनं बोट फिरवलंत. ते राखाडी, रवाळ तोंड तुमच्या बोटाला लागलं. घासून काढलेल्या तोंडावर तुम्ही कधी बोलला नव्हता. ह्यावरही बोलला नाहीत. फक्त या वेळी ते गप्प राहणं मला कळलं नाही.

नमुन्याचे रॉड तयार झाले ते नेमके खंडेनवमीच्या तोंडावर. आपल्याकडं त्या दिवशी मशीन बंद, धुऊनपुसून झेंडूच्या माळा. तुम्ही सकाळी अंघोळ करून यायचा, ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवायचा आणि प्रत्येक मशीनवर तीन आडव्या रेघा ओढायचा. शेवटी नवीन काम. अण्णांच्या वेळेपासूनची रीत होती की नवीन काम देवापुढं झाकून ठेवायचं नाही, उघडून ठेवायचं. तुमच्या सांगण्यावरून दस्तगीरमामांनी रॉड उघडून ताटात मांडले. मी त्या वेळी बाहेर गाडीला माळ बांधत होतो. आत आलो तेव्हा पूजा झाली होती, रॉड परत आवळून पेटीत गेले होते, आणि तुम्ही माझ्या कपाळाला विभूती लावलीत. मला एवढंच आठवतं की तुम्ही त्या दिवशी मोडलेल्या रॉडचीही पूजा केलीत आणि मला वाटलं, पटलं एकदाचं.

पुण्याहून रॉड परत आले. सगळे नापास. डोळे गोल नव्हते, आणि प्रत्येकात वेगळा फरक. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की पद्धत भरवशाची दिसत नाही. मी ते पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी स्वतः मोजले होते. माझ्या हातानं मोजलेला प्रत्येक रॉड बरोबर होता. मला काही कळेना, आणि मला कळेना म्हणजे मी तुम्हालाही समजावू शकेना. ऐकून घेऊन तुम्ही म्हणालात, रॉड उघड.

दस्तगीरमामांनी बोल्ट सैल केले. पहिली कॅप सुटली. त्या रवाळ तोंडावर, खाचाखोचांत वाळून बसलेल्या, फिकट पांढऱ्या तीन रेघा होत्या.

अक्का, त्या क्षणी तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही दुसरी कॅप उघडायला लावलीत, मग तिसरी. सगळ्यांवर तेच. पीठ बसावं तशी विभूती त्या रव्यात बसली होती, म्हणून तोंडं पुरती मिटत नव्हती. घासलेल्या जुन्या रॉडवर हेच केलं असतं तर फडक्यानं पुसलं की झालं असतं. वर्षानुवर्षं तसंच होत आलं होतं.

"ह्यो माझा हात हाय," तुम्ही म्हणालात.

मी धुऊन परत पाठवू म्हणालो. कळवू की वाटेत धूळ गेली. तुम्ही मला तिथंच अडवलंत. "धूळ न्हाय म्हणायचं. इभूत म्हणायचं. मी सोता येतो पुण्याला."

त्यांच्या त्या मोठ्या खोलीत तुम्ही पदर सावरून बसलात. समोर साहेब लोक. मी इंग्रजीत सुरुवात करणार तोच तुम्ही मला हातानं थांबवलंत आणि मराठीतच बोललात. अजून मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो. "साहेब, आमच्यात नव्या कामाला इभूत लावत्यात. ती म्या मोडल्या तोंडावर लावली, तिथं लावायची नव्हती. मला ही मोडायची रीत पटलेली न्हाय, ते हितं खरं सांगतो. पर पोरानं काम बरोबर केलंय. चूक माझ्या बोटांची हाय. धुऊन आणलेत, तुमच्यासमोर मोजा."

त्यांनी मोजले. मधल्या वेळात एका साहेबांनी विचारलं, पुन्हा असं होणार नाही ह्याची खात्री काय. तुम्ही म्हणालात, "फुडच्या खंडेनवमीला मशीनला लावीन, जॉबला न्हाय." ते हसले आणि मला म्हणाले, हे इंग्रजीत लिहून द्या. मी लिहिलं की मोडलेल्या पृष्ठभागावर कोणताही बाह्य पदार्थ लागू दिला जाणार नाही. एवढं कोरडं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलं नसेल. रॉड पास झाले. काम मिळालं. शेड राहिलं.

परतीच्या एसटीत मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हाला ही पद्धत नकोच होती. गप्प बसला असता तरी चाललं असतं, पद्धतच वाईट ठरली असती, तुमचं म्हणणं खरं झालं असतं, मग खरं का सांगितलंत? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "माझ्या बोटाचं खापर त्या रॉडच्या डोक्यावर कशाला फोडू? त्येच्यासंगं भांडान माझं हायच. ते येगळं." आणि मग डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं झोपलात. कराडच्या पुढं कधीतरी, डोळे न उघडताच, तुम्ही विचारलंत, "रावश्या, ही मोडकी तोंडं झिजली तर काय करायचं रे?"

मी म्हटलं, झिजत नाहीत. ते उत्तर नव्हतं. तुम्हालाही कळलं.

खरं उत्तर मागायला तुम्ही आलात ते महापुराच्या वर्षी. कृष्णेचं पाणी उतरल्यावर शिरोळकडची इंजिनं आपल्या दारात येऊन पडली. तुमच्या भावानं, अप्पाण्णांनी, गाळ काढायच्या आधीच पंपाचं इंजिन फिरवलं आणि रॉडचा डोळा पार वाकडा करून ठेवला. तुम्ही त्यांना आल्या आल्या जी कानडीत झाडली, ती कानडी न येणाऱ्यांनाही समजली. पण रॉड दुरुस्त झाला. कॅपचं तोंड ग्राइंडरवर केसभर घासायचं, परत आवळायचं, डोळा पुन्हा गोल करायचा. त्या दिवसांत तुमचं ते म्हातारं मशीन थांबलं नाही. शिरोळचे, पन्हाळ्याकडचे, सगळे रॉड घेऊन यायचे आणि नवे करून न्यायचे.

त्या रांगेत एक दूधवाला होता. त्याच्या जीपचं इंजिन पुरात बसलं होतं. त्यानं पिशवीतून रॉड काढून कट्ट्यावर ठेवला. मोडून केलेला रॉड होता. त्यावर आपलाच शिक्का होता. मोठ्या डोळ्याची तोंडं आत झालेल्या घासाघाशीनं बोथट होऊन गेली होती.

तुम्ही मला बोलावलंत. "ह्याला काय करायचं, सांग."

मी म्हणालो, हा घासता येत नाही, घासला की जोड जातो. टाकून द्यायचा, नवा बसवायचा. तो म्हणाला, नवा पुण्याहून यायला वेळ लागेल, रोजचं दूध गावात नासतंय. मी म्हणालो, त्याला इलाज नाही. तुम्ही तो रॉड त्याच्या पिशवीत परत घातलात.

"पावणं, ह्यो आमीच मोडलाय. आमालाच जोडता येत न्हाय."

मग त्याला चहा पाजलात. मी नंतर तुम्हाला समजवायला आलो होतो, आठवतं का? म्हणालो, हा रॉड हलका आहे, मजबूत आहे, मोडून केल्यामुळंच एवढ्या लोकांना काम आहे, आणि शंभरात एखादाच असा येतो. सगळं खरं होतं. तुम्ही हूं हूं करत ऐकलंत. पटलं नाही, आणि मी चिडून म्हणालो की तुम्हाला काही नवीन पटतच नाही. तेवढं मी म्हणायला नको होतं. पण तुम्हीही सोडणाऱ्यातल्या नव्हता. दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी गूळ ठेवलात, एक कड खाल्लेला खडा. दस्तगीरमामांना हसू आवरेना.

आता हे सगळं बोलताना मी दोनदा उठून ग्राइंडरपाशी जाऊन आलो. बंद आहे. वर फडकं आहे. तुम्ही टाकलेलं.

तुमचे कान गेले तेव्हा आपलं भांडण लंगडं झालं. एवढी वर्षं प्रेसच्या आवाजात काढल्यावर दुसरं काय होणार. मी कानाशी ओरडायचो आणि ओरडून समजावता येत नाही. मग दुखणं आलं आणि मंगलनं, तुमच्या लेकीनं, तुम्हाला बेळगावला नेलं. त्याच सुमाराला पुण्याच्या कंपनीनं काम वाढवायचं ठरवलं. दुसरा प्रेस लागणार होता आणि शेडमध्ये जागा नव्हती. एकच जागा सहज निघत होती, जुन्या ग्राइंडरची. त्यावर आता फक्त दुरुस्तीचे रॉड येतात, तेही अधूनमधून. कुणीही हेच केलं असतं. मी तुम्हाला गाडीत बसवताना ते बोललो. तुम्हाला ऐकू गेलं की ओठांवरून कळलं, देव जाणे.

"काढशील तर काढ," तुम्ही म्हणालात. "पर मला समजावून काढ."

फोन तुमच्या कामाचा नव्हता. म्हणून पत्र लिहिलं. तुम्हीच लावलेली सवय, कुठलंही पत्र आधी कच्चं लिहायचं. कच्ची प्रत माझ्याकडं राहिली. पक्की बेळगावला पोचली, एवढं ठाऊक आहे. ती तुमच्या हातात कुणी दिली का, तोवर तुम्ही वाचण्याच्या, समजण्याच्या पलीकडं गेला होता का, हे मंगलला विचारायला जातो आणि दुसरंच काहीतरी बोलून परत येतो. रुद्रभूमीत तिनं माझ्या हातावर विभूती दिली तेव्हाही विचारणार होतो. दस्तगीरमामा शेजारी होते. त्यांनी ती चिमूट माझ्याकडून घेऊन तुमच्या मातीवर घातली, कारण मी ती मुठीतच धरून उभा होतो.

मी हेच लिहिलं होतं:

ती. गंगाक्का यांस,
सा. न. वि. वि.

इकडं सगळे बरे आहेत. दस्तगीरमामांनी सलाम सांगितलाय. तुमची तब्येत कशी आहे ते मंगलताईला लिहायला सांगा.

तुम्ही म्हणालात, ग्राइंडर काढशील तर समजावून काढ. म्हणून समजावायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं की, अक्का, दुरुस्तीचं काम उरलेलं नाही. मग आठवलं, परवाच पन्हाळ्याकडून दोन रॉड आलेत. ते खोडलं. मग लिहिलं की आता जुने रॉडच राहणार नाहीत, सगळीकडं मोडलेलेच येतील, त्यांना हे मशीन चालत नाही. ते लिहून झाल्यावर तुमचा आवाज आला, की मग जुने आहेत तोवर त्यांनी कुठं जायचं. तेही खोडलं. शेवटी लिहिलं की झिजला रॉड की नवा घ्यायचा, हीच आता रीत आहे. एवढ्यात तो दूधवाला डोळ्यांसमोर आला.

तीन कागद फाडले. मशीन का काढायचं हे मला पक्कं कळतं. पुण्याच्या साहेबांना मी इंग्रजीत एका दमात सांगू शकतो. पण तुम्हाला मराठीत सांगायला लागलो की मधेच अडकतो. तुमच्याच शब्दात सांगायचं तर मला कळलंय, पटलेलं नाही.

म्हणून मशीन काढत नाही. ते जागेवर राहील, दस्तगीरमामा त्याला दर आठवड्याला तेल घालतील. रॉड मोडायचं काम मी सोडणार नाही, त्यावर आपल्या सगळ्यांचं चालतं आणि ते काम चांगलं आहे, हे तुम्ही कबूल करेपर्यंत मी भांडणार आहे. पण ज्याचा रॉड घासून नीट होतो त्याला आपल्या दारातून परत जावं लागणार नाही.

आता अडचण सांगतो. ग्राइंडर ठेवला तर नव्या प्रेसला एकच जागा उरते, ती म्हणजे खिडकीखालची. तुमचा कट्टा फोडावा लागेल. मी सगळीकडून मापं घेऊन बघितली, दुसरीकडं बसत नाही. कट्ट्याचा दगड मी टाकून देणार नाही, दाराशी बसवीन, तिथंही उजेड चांगला येतो आणि येणारा-जाणारा दिसतो. मेथी निवडायला जागा पुरेल.

पण हे मला तुम्हाला समजावून करायचंय. पत्र वाचल्यावर तुम्हाला काय वाटतं ते कळवा. कळलं असेल तर कळलं म्हणा, पटलं नसेल तर तसं म्हणा. प्रेस ताडपत्रीखाली थांबेल. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी कट्ट्यावर पहार मारणार नाही.

तुमचा,
रावसाहेब